गुणवत्तेची कपाटे आणि शिकणारा विद्यार्थी

महाविद्यालयात शिकविण्याचे काम वर्गात चालते. पण ते नीट चालावे याची व्यवस्था वर्गाबाहेरच्या एका लहानशा खोलीत होते. वेळापत्रक कसे आखले, कोणता विषय कोणाकडे गेला, अंतर्गत परीक्षा कधी झाल्या, निकाल कोठे घसरला, कोणता विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आलाच नाही, या सर्वांचा हिशेब त्या खोलीत असावा लागतो. आता या कामास ‘अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. कपाटे वाढली, संगणक आले. मात्र शिकणाऱ्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. तो आपणांस विचारला पाहिजे.

१९९४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने राष्ट्रीय मूल्यांकन परिषद, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘नॅक’, स्थापन केली. अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, साधनसामग्री, विद्यार्थ्यांस मिळणारे साहाय्य, कारभार आणि संस्थेची मूल्ये असे सात निकष तिने ठरविले. अधिस्वीकृती मिळालेल्या महाविद्यालयाने गुणवत्ता कक्ष चालवावा आणि दरवर्षी अहवाल द्यावा, अशी अपेक्षा ठेवली. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने आपल्या कामाचा हिशेब द्यावा, यात गैर काहीच नाही. उलट ही मागणी आपलीच आहे.

बिघाड झाला तो हिशेबाच्या रीतीत. २०१७ साली नवी चौकट आली आणि मूल्यांकनाचा सुमारे ७० टक्के भार आकडेवारीवर गेला. आकडे लागतात म्हटल्यावर आकडे तयार होऊ लागले. व्याख्यानातून विद्यार्थ्यांस काय समजले यापेक्षा छायाचित्रावर तारीख आणि ठिकाण उमटले की नाही, यास महत्त्व आले. वह्या तपासावयाच्या वेळेत प्राध्यापक प्रमाणपत्रे गोळा करीत बसला. श्रेणीला बाजारात किंमत आली, तेव्हा तिचा सौदा होणेही ओघाने आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये लाच घेऊन अनुकूल मूल्यांकन दिल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांसह अनेकांस अटक केली. न्यायालय काय तो निर्णय देईल. पण श्रेणी विकत घेता येईल असे कोणास वाटावे, हीच या व्यवस्थेवरची टीका आहे.

यावरून काही मित्र असा निष्कर्ष काढतात की, हा सारा कागदी खेळ आहे, तो बंदच करावा. आम्हांस हा निष्कर्ष मान्य नाही. सुस्थितीतील घरच्या मुलास महाविद्यालयात शिकवणी झाली नाही तरी त्याचे अडत नाही. त्याला खाजगी वर्ग आहेत, घरी पुस्तके आहेत, सांगणारे वडीलधारे आहेत. ऊसतोड कामगाराच्या किंवा शेतमजुराच्या मुलीस महाविद्यालयाखेरीज दुसरा आधार नाही. तिचे शिक्षण त्या लहान खोलीतल्या निर्णयांवर तरते किंवा बुडते. प्रयोगशाळेतील तास गावाकडच्या शेवटच्या एस.टी.नंतर संपत असेल, तर तिला विज्ञानशाखा सोडावी लागते. तिला कोणी नापास करीत नाही. वेळापत्रकच तिला बाहेर काढते. ग्रंथालय दुपारी बंद होत असेल, पुस्तकपेढी नावापुरती असेल, शिष्यवृत्तीचा अर्ज तारीख उलटल्यावर पुढे जात असेल, तर त्याचा भारही अशाच घरांवर पडतो.

महाराष्ट्रास ही जाण नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, ती वसतिगृहांच्या आधारावर. कष्ट करून शिकणाऱ्याचा दिवस कसा जातो हे ओळखून त्यांनी ‘कमवा आणि शिका’ योजना उभी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते ज्यांच्या वाट्यास उच्च शिक्षण कधी आलेच नव्हते त्यांच्यासाठी. विद्यार्थी कोठून येतो, काय खातो, कोठे अडतो, याचा विचार हाच तेथे गुणवत्तेचा विचार होता. १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांचे पीक आले आणि शिक्षणसम्राटांच्या राज्यात इमारतीच्या उंचीस गुणवत्ता म्हणण्याची प्रथा पडली.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. गुणवत्ता कक्ष कितीही कुशल असला, तरी वर्गात शिक्षक नसेल तर तो काय करणार? प्रवेशानंतर विद्यार्थ्यांची तयारी तपासावी आणि मागे पडणाऱ्यांसाठी वेगळे वर्ग घ्यावेत, काही विद्यार्थ्यांमागे एक पालक-शिक्षक असावा, अशा योजना नॅकच्या निकषांतच आहेत आणि त्या चांगल्या आहेत. पण महाविद्यालयांत वर्षानुवर्षे जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर काम भागविले जाते. ज्यास केवळ घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, त्यास वही तपासण्याचे, विद्यार्थ्याची अडचण ऐकण्याचे, जादा वर्ग घेण्याचे वेतन नाही. उन्हाळ्यात तर त्याला वेतनच नाही. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने कंत्राटी नेमणुकांस एकूण जागांच्या १० टक्के इतकी मर्यादा घातली होती. तासिकेची पळवाट तिला वळसा घालते. नव्या शैक्षणिक धोरणाने विषयनिवडीचे स्वातंत्र्य देऊ केले आहे. विषय वाढले आणि शिक्षक वाढले नाहीत, तर ती निवड माहितीपुस्तिकेतच राहील. म्हणून प्राध्यापकांच्या भरतीचा लढा आणि विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा लढा हे दोन लढे नाहीत.

मग कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याच्या कलम ९७ अन्वये महाविद्यालय विकास समिती असते. तीत संस्थाचालक असतात, तसेच निवडून आलेले शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, स्थानिक सदस्य, गुणवत्ता कक्षाचे समन्वयक आणि विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी यांनाही जागा आहे. वर्षातून निदान चार सभा व्हावयास हव्यात. जेथे परिषद निवडून आलेली नाही, तेथे विद्यार्थ्यांची जागा मुकी राहते. विद्यार्थी निवडणुकांची मागणी म्हणूनच जिवंत ठेवली पाहिजे.

या सभांत घोषणा पुरणार नाहीत; नेमके प्रश्न न्यावे लागतील. मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती? प्रथम वर्षास प्रवेश घेतलेल्यांपैकी तृतीय वर्षापर्यंत किती पोचले, त्यात मुली किती, मागासवर्गीय किती, बाहेरगावचे किती? निकाल कोणत्या विषयात घसरला आणि त्यावर जादा वर्ग खरोखर झाले काय? वेळापत्रक आखताना एस.टी.च्या फेऱ्या कोणी पाहिल्या काय? महाविद्यालयाचा वार्षिक गुणवत्ता अहवाल त्याच्या संकेतस्थळावर असावा लागतो. तो वाचावा आणि वर्गाशी ताडून पाहावा. जेथे उत्तर मिळत नाही, तेथे २००५ चा माहितीचा अधिकार आहे. अनुदानित महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात.

गुणवत्ता कक्षात काम करणारे शिक्षक व कर्मचारी आपले विरोधक नाहीत. त्यांतील अनेकजण रात्री जागून रकाने भरतात आणि आपण शिकविण्यापासून दुरावलो याची खंत बाळगतात. त्यांस विद्यार्थी व गावकरी यांची साथ मिळाली, तर तीच कपाटे संस्थाचालकास जाब विचारण्याचे साधन होतील. ज्या कागदावर गळालेल्या विद्यार्थ्यांची खरी संख्या लिहिली जाते, तो कागद फेकावयाचा नसतो. तो सभेत मोठ्याने वाचावयाचा असतो.