आकाशकंदील उतरवायचा कोणी?

मराठी साहित्यात दिवाळी दरवर्षी येते. ती जाताना मात्र फारशी कोणी पाहिलेली दिसत नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. त्यानंतरच्या शतकाहून अधिक काळात दिवाळीच्या आठवणींचा ललित निबंध हा आपल्याकडे जवळजवळ एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे. त्याचा आराखडा ठरलेला असतो. बांबूच्या कामट्या येतात, पतंगी कागद येतो, आई खळ शिजवते, भावंडांत भांडणे होतात आणि अखेर कंदील चढतो. मग पहाटेचे अभ्यंगस्नान, मातीचा किल्ला, चकलीचा सोऱ्या. आणि भाऊबीजेच्या ओवाळणीवर निबंध थांबतो. ‘गेले ते दिवस’ असा एक उसासा टाकला जातो आणि वाचकाचीही पापणी ओलावते.

या निबंधाला आमचा एकच प्रश्न आहे. तो कंदील उतरवला कोणी?

प्रश्न खोडसाळ वाटेल, पण तो तसा नाही. ललित लेखक भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईची गाडी धरतो आणि त्याच्याबरोबर त्याचा निबंधही गाव सोडून जातो. कंदील मात्र मागे राहतो. आमच्याकडे तो तुळशीचे लग्न होईपर्यंत, नाहीतर कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आढ्याला लोंबत असतो. तोवर कागदाचा रंग उडालेला असतो, एखादी शेपटी तुटलेली असते आणि दारावरच्या झेंडूच्या तोरणाचा कोळ झालेला असतो. मग मागे राहिलेल्यांपैकी कोणीतरी स्टुलावर चढून ते सारे उतरवते. वाळलेली झेंडूची फुले हाताने कुस्करून परसात टाकली जातात, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तिथेच रोपे उगवतील. ही कृती साहित्यात का नाही? तिच्यात उत्सव नाही म्हणून, की ती करणारा माणूस लिहिणारा नाही म्हणून?

आमचा दुसरा आरोप वरवर पाहता निराळा आहे. कंदील उतरला की थंडी सुरू होते, आणि मराठी साहित्यातली थंडी ‘गुलाबी’ असते. ती शाल पांघरते, वाफाळता चहा पिते, धुक्यात हरवलेल्या वाटेकडे पाहत राहते आणि शेकोटीभोवती गोष्टी सांगते. शाळेतल्या ‘हिवाळ्यातील एक सकाळ’ या निबंधापासून ते विद्यापीठीय परीक्षेतल्या रसग्रहणापर्यंत हीच एक थंडी पाठ केलेली आढळते. आमचे म्हणणे असे की हे दोन्ही दोष मुळात एकच आहेत. उत्सव संपल्यावर जो गावात राहत नाही, त्यालाच हिवाळा गुलाबी दिसतो.

आम्ही भातकुलीत शिकवतो, म्हणून उदाहरणही तिथलेच देतो. अमरावतीच्या पश्चिमेचा हा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात मोडतो. जमीन काळी, कसदार, पण विहिरीचे पाणी खारे. त्यामुळे ओलिताची सोय तुटपुंजी, आणि कपाशी, तूर, हरभरा यांची भिस्त पावसाने जमिनीत मागे ठेवलेल्या ओलीवर. दिवाळीनंतर इथे तूर फुलावर येते आणि त्याच सुमारास पहाटेची ‘धुवारी’ उतरू लागते. पुण्याच्या निबंधात जे ‘धुके’ म्हणून वाटेवर तरंगते, तेच इथे धुवारी म्हणून तुरीच्या फुलोऱ्यावर बसते. दमट हवा दोनचार दिवस टिकली की फूल गळते, कळी काळी पडते. पारा आणखी खाली गेला की रात्रीतून ‘दवाळ’ जाते. सकाळी पाहावे तो नाल्याकाठचे, सखल भागातले झाड उकळते पाणी ओतल्यासारखे करपलेले.

यावर कृषितज्ज्ञांचा सल्ला असा की रात्री पिकाला हलके पाणी द्यावे आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करावा. यातले पहिले खारपाणपट्ट्यात बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे, कारण गोडे पाणी आणायचे कोठून? उरतो तो धूर. म्हणजे पौष महिन्यात आमच्या शिवारात दिसणारी आग गोष्टी सांगण्यासाठीच पेटवलेली असते असे नाही. तिच्याभोवती बसलेला माणूस रात्रभर जागतो तो तुरीसाठी. ‘शेकोटी’ हा शब्द तोच. त्यातला अर्थ मात्र साहित्याने अर्धाच उचलला.

आता आमच्याच एका पापाची कबुली. काही वर्षांपूर्वी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला आम्ही हिवाळ्यावर निबंध लिहायला दिला. बहुतेकांनी गुलाबी थंडी लिहिली आणि चांगले गुण मिळवले. एका विद्यार्थिनीने मात्र कंदील उतरवण्यापासून सुरुवात केली होती. कंदिलातला बल्ब आणि वायर काढून वडिलांनी गोठ्यात लावली. त्या बल्बच्या उजेडात आई रात्री कापसातला कचरा निवडत बसे. आणि मग एका रात्रीत दवाळाने पाऊण एकर तूर गेली. भाषा ओबडधोबड होती, शुद्धलेखन यथातथाच. आम्ही ‘दवाळ’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढले आणि समासात ‘दवबिंदू?’ असे लिहिले. निबंधाखाली ‘विषयांतर’ असा शेरा मारला. तिने तो निमूटपणे घेतला. पुढच्या निबंधात तिची थंडी गुलाबी झाली होती, आणि आम्ही तिला आठ गुण दिले. ज्या गावात आम्ही पगार घेतो त्या गावचा शब्द आम्हांला ठाऊक नव्हता, एवढेच आमचे अज्ञान नव्हते. तो शब्द असू शकतो ही शक्यताच आम्हांला सुचली नाही, हे अधिक लाजिरवाणे होते.

शब्दांचाच विचार चालला आहे तर ‘गार’ हा शब्द घ्या. ‘बर्फ’ आपल्याकडे फारसीतून आला, ‘हिम’ संस्कृतातून. घराघरातला शब्द गार. तो विशेषण म्हणून आला की सुख देतो: गार वारा, गार पाणी, थंडगार सावली. नाम म्हणून आला की उभे पीक आडवे करतो. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर गारा कोसळत राहिल्या. गहू, हरभरा, संत्री, द्राक्षे मातीत गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तेच झाले. २०२३ साली तर कार्तिकी पौर्णिमा २७ नोव्हेंबरला होती, आणि नेमक्या त्याच सुमारास आमच्या वऱ्हाडातल्या बुलढाणा जिल्ह्यासह राज्याच्या अनेक भागांना अवकाळी पावसाने झोडपले, काही ठिकाणी गाराही पडल्या. म्हणजे कंदील उतरवण्याचा दिवस आणि आभाळ उतरण्याचा दिवस एकच ठरला. या योगायोगातला नाट्यविषय पुढच्या दिवाळी अंकांत आम्ही शोधला. आमच्या हाती लागलेल्या अंकांत तो नव्हता. बालपणीचा किल्ला होता.

ज्या संकटाला साहित्याने जागा दिली नाही, त्याला समाजाने मात्र एकेकाळी अख्खा माणूस नेमून दिला होता. वऱ्हाड-नागपूरच्या गावगाड्यात ‘गारपगारी’ नावाचा एक समाज होता. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याची नोंद आहे. गारांचे ढग दिसू लागले की गारपगाऱ्याने मारुतीपुढे उभे राहून ते परतवून लावावेत, आणि त्याबद्दल शेतकऱ्यांनी त्याला धान्य द्यावे, अशी ही व्यवस्था. मंत्राने गारा परतत नाहीत, हे सांगायला आमची गरज नाही. पण आभाळाकडे पाहणे हेच ज्याचे गावातले काम, साऱ्या गावाची भीती ज्याच्या एकट्याच्या अंगावर, आणि गारा पडल्याच तर ज्याने तोंड दाखवायचे कसे, अशा माणसात एक कादंबरी मावत नाही काय? मराठीच्या कोणत्याही अभ्यासक्रमात त्याचे नाव आमच्या पाहण्यात आलेले नाही. विद्यार्थ्यांना विचारावे तर ‘गारपगारी’ हे आडनाव वाटते.

इकडे आमच्या शेजारच्या इंग्रजी विभागात बर्फ नियमितपणे पडतो. रॉबर्ट फ्रॉस्टची हिमसंध्येची कविता (१९२३) शिकवताना प्राध्यापक खिडकीबाहेरच्या कपाशीकडे पाठ करून बर्फाच्या निःशब्दतेवर बोलतात. यात काही वाईट नाही. परक्या ऋतूची ओळख हे साहित्याचे एक देणेच आहे. पण त्याच इंग्रजी परंपरेत रॉबर्ट हेरिक नावाचा कवी होऊन गेला. १६४८ साली निघालेल्या त्याच्या ‘हेस्परिडीज’ या संग्रहात, नाताळात घर सजवण्यासाठी लावलेल्या डहाळ्या फेब्रुवारीच्या आरंभी, कँडलमसच्या आदल्या दिवशी, उतरवण्यावर चक्क कविता आहे. इंग्रजांना सण उतरवणे हा काव्यविषय वाटला. आपण त्यांच्याकडून बर्फ घेतला आणि हे तेवढे घ्यायचे विसरलो.

विसरलो म्हणण्याचेही कारण नव्हते, कारण उतरवण्याची रीत आपल्याकडे त्यांच्याहून अधिक समृद्ध आहे. गुढी सूर्यास्तापूर्वी उतरवतात, घट हलवतात, गणपतीची उत्तरपूजा करतात, व्रताचे उद्यापन करतात, वाहिलेल्या फुलांना निर्माल्य म्हणतात आणि तीही वाटेल तिथे टाकत नाहीत. वऱ्हाडातल्या मुली महिनाभर गाणी म्हणून कोजागिरीला भुलाबाईला निरोप देतात. लोकपरंपरेने समारोपाला आरंभाइतकाच मान दिला. छापील साहित्याने तो काढून घेतला.

यावर आम्हांला जे ऐकवले जाईल ते आम्ही जाणून आहोत. पहिला आक्षेप: ग्रामीण दुःखाचे साहित्य काय कमी आहे? नाही. १९६० साली उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने वऱ्हाडी बोलीतले दारिद्र्य मराठी कादंबरीच्या मध्यभागी आणून ठेवले, हे आम्ही आदराने शिकवतो. पण आमची मागणी दुःखाची नाही. दवाळ ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’ या कप्प्यात आणि हिवाळा ‘निसर्ग व सौंदर्य’ या कप्प्यात, ही जी वाटणी आपण करून ठेवली आहे, तिलाच आमचा विरोध आहे. दवाळ हाही हिवाळाच आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) हे ऋतूंकडे डोळे उघडून पाहायला शिकवणारे पुस्तक. त्याच्या अनुयायांनी मात्र पाहणे सोडून शैली तेवढी उचलली.

दुसरा आक्षेप: ज्याने भोगले त्यानेच लिहावे काय? तसेही नाही. फ्रॉस्टने आपली बर्फाची कविता जून महिन्यात लिहिली, हे प्रसिद्ध आहे. बर्फ समोर असण्याची अट साहित्यात नसते. अट एवढीच की शब्द खरा हवा. ‘धुके’ लिहा, पण धुवारी ठाऊक असताना धुके निवडा; ठाऊकच नसताना नव्हे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर: असल्या किरकोळ गोष्टींचे साहित्य होत नसते. त्याला उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरांचे चालणे, बोलणे, जेवणे, निजणे, कोणी काय विचारले, कोणी काय आणले, हे सारे ज्यांनी पाहिले त्यांना विचारून विचारून लिहिले. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ किरकोळ गोष्टींचाच आहे. आणि याच जिल्ह्यात, शेंडगावी, १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा! त्यांनी आयुष्यभर हातात धरला तो खराटा. यात्रेचा झगमगाट सारे जग पाही. बाबा यात्रेने मागे टाकलेला कचरा पाहत. २० डिसेंबर १९५६ रोजी, ऐन हिवाळ्यात, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांचा देह पडला. आमच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या दृष्टीला मात्र आमच्या प्रश्नपत्रिकेत अजून जागा नाही.

म्हणून अध्यापक मित्रांना आमची विनंती अगदी साधी आहे. यंदा ‘हिवाळ्यातील एक सकाळ’ऐवजी ‘आकाशकंदील उतरवताना’ हा विषय देऊन पाहा. उत्तरपत्रिकेत न कळणारा शब्द आला तर लाल शाई उचलण्याआधी लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ विचारा आणि तो वहीत टिपून ठेवा. आम्ही तशी वही केली आहे. तिच्या पहिल्या पानावर ‘दवाळ’ आहे. ज्या मुलीने तो आम्हांला दिला, ती आता कोठे आहे ते आम्हांला माहीत नाही. तिच्या त्या पहिल्या निबंधाचे गुण वाढवून देण्याची सोयही विद्यापीठाच्या नियमांत नाही. हा लेख तिच्या वाचनात आला तर तिने एवढे समजावे, की विषयांतर तिचे नव्हते, आमचे होते.