अंतिम पगाच्या पुढे

मे महिना संपता संपता खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलन होते; ‘अंतिम पग’ ही रेषा ओलांडून कॅडेट बाहेर पडतात. पुलगावशेजारच्या नाचणगावला मात्र याच दिवसांत दुसरी तारीख आठवते. ३० आणि ३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली, स्फोट झाले आणि आसपासच्या गावांतल्या लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी घरे सोडावी लागली. लेफ्टनंट कर्नल आर. एस. पवार, मेजर के. मनोज, जवान आणि आग विझवायला गेलेले कर्मचारी प्राणांस मुकले. इथे नुसते ‘डेपो’ म्हटले तरी पुरते.

म्हणूनच लष्करी प्रशिक्षणावरच्या प्रेमपटांकडे या गावाने जरा तिरक्या नजरेने पाहिले तर नवल नाही. १९८२ चा ‘ॲन ऑफिसर अँड अ जंटलमन’ घ्या किंवा आपला २००४ चा ‘लक्ष्य’. दिशाहीन पोरगा अकादमीत जातो, रगड्याने पोळतो, ‘लक्ष्य’मध्ये तर चक्क पळूनही येतो, आणि शेवटी गणवेशासह प्रेयसीच्या लायक होतो. ‘लक्ष्य’ निदान कारगिलपर्यंत जातो, हे त्याचे श्रेय. पण मोठा होतो तो पुरुष. ती रुसते, मग परत मिळते. प्रेयसीही प्रशिक्षणाच्या त्या मैदानात उतरू शकते, हे पटकथाकारांच्या मनाला शिवलेले दिसत नाही.

साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांनी ते करून दाखवले. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना शहीद झाले. दोन लहान मुले, वय पस्तिशीच्या पुढे. अशा वेळी आपल्याकडे नातेवाईक काय सल्ला देतात ते सर्वांना ठाऊक आहे. वयाची सवलत मिळाली, पण निवड मंडळाच्या चाचण्या त्यांनाही द्याव्याच लागल्या. मुलांना वसतिगृहाच्या शाळेत ठेवून त्या चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत दाखल झाल्या. पाठीवर पिठ्ठू, पहाटेची धाव, उस्तादाचा आवाज, आणि शेजारी वयाने कितीतरी लहान कॅडेट. ‘वीरपत्नी’ म्हणून शाल-श्रीफळ घेत राहणे यापेक्षा फार सोपे होते. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या. मेजर प्रसाद महाडिक यांच्या पत्नी गौरी आणि मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका याही पतीनिधनानंतर अशाच वाटेने गेल्या; त्याही महाराष्ट्रातल्याच.

स्वातीताईंना कोणता विभाग मिळाला? आर्मी ऑर्डनन्स कोअर. शस्त्रे, दारूगोळा आणि साहित्य सांभाळणारा, पुरवणारा विभाग. कुठल्याही सिनेमाचा नायक हा विभाग मागून घेणार नाही. त्यात शिखर सर करणे नाही, झेंडा रोवणे नाही. पुलगावचा डेपो याच विभागाचा. गोदामात ठेवलेला सुरुंगही माणसे मारतो, हे नाचणगावला कुणी समजावून सांगायला नको. अंतिम पगाची ती रेषा ओलांडली की पडदा पडतो, असे फक्त चित्रपटगृहात घडते.

एक गोष्ट मात्र खटकते. बाईच्या गणवेशाचे कौतुक आपल्याला बहुधा तिच्या कपाळाचे कुंकू पुसल्यावरच सुचते. सुदैवाने हेही आता मागे पडू लागले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने प्रबोधिनीची परीक्षा मुलींना खुली झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्यांना गणवेशासाठी कुणाच्या बलिदानाचा दाखला जोडावा लागला नाही.

आता आपल्या शाळांनी एवढे करावे. प्रबोधिनीची परीक्षा बारावीच्या वर्षातच देता येते आणि तिच्या तयारीसाठी नाशिकला मुलींची शासकीय संस्था आहे, हे दहावीच्या वर्गांत जाऊन सांगावे. डेपोत कोण काम करते हे नाचणगावच्या मुलींना पाठ आहे; तिथे अधिकारी होण्याचा अर्ज कुठे मिळतो, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. पुलगावहून मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच नाशिक रोड लागते.