घोषणेचा माल आणि बाजारातला माल

पावसाळा सुरू झाला की रिलायन्स इंडस्ट्रीजच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची चर्चा सुरू होते. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, ही सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. सभा मुंबईच्या कंपनीची, पण तिचे पडसाद आमच्या दिग्रससारख्या तालुक्याच्या गावातही उमटतात. यंदा नवा फोन येणार, चष्मा येणार, रिचार्ज स्वस्त होणार, अमुक वस्तू फुकट मिळणार, असे अंदाज सभेच्या महिनाभर आधीपासून कानावर येऊ लागतात. मोबाईलवरचे व्हिडिओवाले तर जणू कंपनीच्या तिजोरीची किल्ली आपल्याच खिशात आहे, अशा थाटात किंमतसुद्धा सांगून मोकळे होतात.

हे सारे गप्पांपुरतेच राहिले असते, तर या पानावर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु या अंदाजांवर आपल्या बांधवांचा पैसा लागतो. आपल्या समाजातील कितीतरी होतकरू मुलांनी गावोगाव मोबाईलची दुकाने थाटली आहेत. बहुतेकांचे भांडवल उसने असते. स्वस्त फोन येणार अशी आवई उठली की गिऱ्हाईक हातातली खरेदी थांबवते. दुकानात भरलेला माल पडून राहतो. काहीजण येणाऱ्या मालासाठी गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घेऊन बसतात. माल लांबला की गिऱ्हाईक कंपनीच्या दारात जात नाही, ते दुकानदाराचा गल्ला गाठते. ‘बाजारात तुरी’ ही म्हण तुरीच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला काय समजावून सांगावी?

सौद्याची कसोटी

आम्ही कापडाचे व्यापारी. सुरतेचा किंवा इचलकरंजीचा एजंट नमुन्यांची फाईल घेऊन येतो, तेव्हा नमुना पाहून कोणी दुकान भरत नाही. माल कोणता, भाव काय आणि पोचणार कधी, या तीन गोष्टी ऑर्डरमध्ये लिहिल्या गेल्या की सौदा पक्का समजतात. आपल्या फिकहमध्येही हाच विचार आहे. आगाऊ रक्कम देऊन पुढे माल घेण्याच्या व्यवहाराला सलम म्हणतात. तो जायज होण्यासाठी मालाचा प्रकार, दर्जा, परिमाण आणि मुदत आधी ठरलेली असावी लागते आणि किंमत सौद्याच्या वेळीच चुकती करावी लागते. यातले काही अंधारात राहिले तर त्या सौद्यात गरर, म्हणजे धोक्याचा अंश येतो. मोठ्या कंपनीच्या घोषणेलाही हीच कसोटी लावावी, असे आमचे मत आहे. माल, भाव आणि मुदत. यात चौथी गोष्ट जोडावी ती ही, की वचन पुरे करणे एकट्या कंपनीच्या हाती आहे की दुसऱ्याच्या संमतीवर अवलंबून आहे?

या कसोटीवर मागचा हिशेब तपासून पाहू.

१ सप्टेंबर २०१६ च्या सभेत जिओची घोषणा झाली. माल ठरलेला, भाव सांगितलेला आणि मुदत अवघ्या चार दिवसांची. ५ सप्टेंबरला सेवा खरोखर सुरू झाली. वर्षअखेरपर्यंत सारे फुकट होते, ते पुढे ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढवले गेले. २१ जुलै २०१७ च्या सभेत जिओफोन आला. १,५०० रुपये अनामत आणि तीन वर्षांनी ती परत, असा भाव होता आणि नोंदणीची तारीखही दिली होती. २४ ऑगस्टला नोंदणी उघडली, सुमारे ६० लाख लोकांनी नोंदणी केली आणि ती थांबवावी लागली. फोन लोकांच्या हाती पडले. मात्र अनामत परत मिळवायची तर दरवर्षी किमान १,५०० रुपयांचे रिचार्ज केले पाहिजे, ही अट बारीक अक्षरांतल्या कागदातून नंतर कळली. म्हणजे तिन्ही गोष्टी ठरलेल्या असल्या तरी अटींचा कागद वाचल्याशिवाय सौदा पुरा समजू नये.

आता दुसरी बाजू. १२ ऑगस्ट २०१९ च्या सभेत दोन मोठ्या गोष्टी सांगितल्या गेल्या. एक, नवा सिनेमा ज्या दिवशी चित्रपटगृहात लागेल त्याच दिवशी घरबसल्या पाहता येईल, आणि ही सोय २०२० च्या मध्याला मिळेल. दुसरी, सौदी अरेबियाची अरामको कंपनी तेल व रसायनांच्या व्यवसायात २० टक्के हिस्सा घेईल. पहिल्या गोष्टीला निर्माते आणि चित्रपटगृहांचे मालक राजी व्हायला हवे होते, दुसरीला परदेशी कंपनी. सिनेमाची सोय आली नाही आणि अरामकोचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२१ मध्ये बारगळला. त्याच सभेत जाहीर झालेली फायबरची सेवा मात्र ठरल्याप्रमाणे ५ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाली, कारण ती कंपनीच्या स्वतःच्या हातात होती.

२४ जून २०२१ ला गूगलच्या साथीने जिओफोन नेक्स्टची घोषणा झाली. जगातला सर्वांत स्वस्त स्मार्टफोन असे त्याचे वर्णन होते. गणेश चतुर्थीची, म्हणजे १० सप्टेंबरची तारीख दिली, पण भाव सांगितला नाही. भावाच्या त्या रिकाम्या जागेत अंदाजवाल्यांनी आपापले आकडे भरले आणि पाच हजारांच्या आतला फोन येणार असे वातावरण तयार झाले. चिपच्या टंचाईचे कारण देऊन तारीख पुढे गेली. ४ नोव्हेंबर २०२१ ला, दिवाळीत, फोन आला तो ६,४९९ रुपयांना. हप्त्याची सोय होती, पण ज्याने साडेतीन-चार हजार मनात धरून वाट पाहिली त्याची निराशाच झाली.

२०२२ चे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २९ ऑगस्टच्या सभेत दिवाळीपर्यंत चार महानगरांत फाईव्ह-जी सुरू करू असे सांगण्यात आले. हे ओळखायला कोणा नजूमीची गरज नव्हती. त्याच महिन्याच्या १ तारखेला स्पेक्ट्रमचा सरकारी लिलाव संपला होता आणि जिओने ८८,०७८ कोटी रुपयांच्या लहरी घेतल्याचे सर्व वर्तमानपत्रांत आले होते. एवढा पैसा गुंतवणारा व्यापारी दुकान उघडल्याशिवाय राहील काय? ५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, चाचणी सेवा सुरू झालीही. त्याच सभेत एअरफायबरही दाखवले होते, पण भाव नाही आणि नेमकी तारीख नाही. ते १९ सप्टेंबर २०२३ ला आले, तेसुद्धा पहिल्यांदा फक्त आठ शहरांत.

सांगायचे तात्पर्य, कंपनी पुढे काय आणणार हे ऐकीव बातम्यांवरून कळत नाही. तिने पैसा कुठे ओतला आहे आणि कोणते परवाने घेतले आहेत, यावरून ते बरेचसे कळते. ही माहिती वर्तमानपत्रात उघड छापलेली असते.

ही सवय जुनी आहे

कापडाच्या व्यापाऱ्यांना या घराण्याची चाल नवी नाही. धीरूभाई अंबानींनी १९६६ मध्ये अहमदाबादजवळ नरोड्याला कापडाची गिरणी काढली आणि ‘विमल’ हे नाव देशभर नेले. जुन्या ठोक व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर विसंबून न राहता त्यांनी गावोगाव विमलची स्वतंत्र दुकाने उघडवली. १९७७ मध्ये कंपनीचे भाग विक्रीला काढून सामान्य माणसाला भागधारक केले. पुढे भागधारकांची संख्या इतकी वाढली की १९८६ ची सभा मुंबईच्या क्रॉस मैदानात भरवावी लागली. सभा हीच जाहिरात, ही रीत तेव्हापासूनची. आता २०२० पासून सभा पडद्यावर होते, तेव्हा ते मैदान प्रत्येकाच्या हातातल्या मोबाईलमध्ये आले, एवढाच फरक. माल आधी लोकांच्या मनात उतरवायचा आणि मग बाजारात, हे तंत्र आम्ही पॉलिस्टरच्या काळापासून पाहत आलो आहोत. त्यात बेइमानी नाही. पण ठोक व्यापाऱ्याला वळसा घालून माल गिऱ्हाइकापर्यंत नेण्याची हीच चाल आज चिल्लर दुकानदारापर्यंत येऊन पोचली आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

येत्या सभेबद्दल आमचा अंदाज

पहिली गोष्ट कृत्रिम बुद्धिमत्तेची. २०२४ च्या सभेत ग्राहकांना १०० जीबीपर्यंत साठवण फुकट देण्याची घोषणा झाली. २९ ऑगस्ट २०२५ च्या सभेत रिलायन्स इंटेलिजन्स ही वेगळी कंपनी आणि गूगल व मेटा यांच्याशी भागीदारी जाहीर झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलचे जेमिनी १८ महिने फुकट देण्याची योजना आली. पैसा या वाटेने चालला आहे, तेव्हा पुढच्या सभांत आपल्या भाषांत बोलणारे, दुकानदाराचा हिशेब ठेवणारे काहीतरी साधन दाखवले जाईल आणि सुरुवातीला ते फुकट असेल. जिओची सुरुवातही फुकटातूनच झाली होती. फुकट संपल्यावर काय भाव पडेल, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारावा, आणि आपल्या उधारीची वही कोणाच्या हाती सोपवतो आहोत याचाही विचार करावा.

दुसरी गोष्ट चष्म्याची. २०२० च्या सभेत जिओ ग्लास दाखवला होता. २०२५ मध्ये जिओ फ्रेम्स या नावाने पुन्हा चष्मा आला. दोनदा दाखवलेली वस्तू तिसऱ्यांदाही दाखवता येते. आपल्या दुकानदारांनी तिच्यासाठी कपाट रिकामे करण्याची घाई करू नये.

तिसरी गोष्ट फोनची. रोज काउंटरवर चालणारी वस्तू सभेची वाट पाहत नाही. ९९९ रुपयांचा जिओ भारत फोन ३ जुलै २०२३ ला आला, सभा २८ ऑगस्टला झाली. म्हणून सभेपर्यंत विक्री थांबवून बसणे किंवा घाबरून तोट्यात माल काढणे, दोन्ही चूक आहे.

चौथी गोष्ट रिचार्जच्या दराची, आणि इथे आम्ही बरेच खात्रीने बोलू शकतो. गोड बातमी व्यासपीठावरून येते आणि कडू बातमी एखाद्या संध्याकाळी पत्रकातून येते. २०१६ च्या सभेत बोलणे कायमचे फुकट असे सांगितले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर मिनिटाला ६ पैसे लागू झाले, ते १ जानेवारी २०२१ ला उठले. यात दूरसंचार नियामकाच्या आकारणीचा भाग होता, हेही सांगितले पाहिजे. डिसेंबर २०१९, डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन मोठ्या दरवाढी झाल्या. तिन्हींची खबर सभेबाहेरच मिळाली. तेव्हा सभेत दरवाढीचे नाव निघाले नाही म्हणून कोणी निश्चिंत राहू नये.

पाचवी गोष्ट आमच्या कापडाची, आणि ती मथळ्यात येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिलायन्स रिटेलने ‘युस्टा’ हे तरुणांच्या कपड्यांचे दुकान सुरू केले, तिथे सर्व माल ९९९ रुपयांच्या आत. जून २०२० मध्ये बंदी आलेले ‘शीन’ हे नाव फेब्रुवारी २०२५ मध्ये रिलायन्समार्फत, भारतात शिवलेल्या कपड्यांसह परत आले. लोक चष्म्याची आणि फोनची बातमी वाचतात, पण दिग्रस, दारव्हा, पुसदच्या कापड दुकानदाराचा धंदा या दुसऱ्या बातमीने हलतो. सभेच्या भाषणात किरकोळ विक्रीचा भाग येतो तेव्हा आपल्या व्यापाऱ्यांनी कान देऊन ऐकावे. किती दुकाने, किती भावाचा माल आणि कोणत्या आकाराची गावे, हे टिपून ठेवावे.

त्याचबरोबर आपली ताकदही ओळखावी. कंपनी गणेश चतुर्थी आणि दिवाळीचा मुहूर्त धरते, पण आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या हाती पैसा सोयाबीन विकल्यावर आणि कापूस वेचून झाल्यावर येतो. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या कुटुंबाला ओळखीचा दुकानदार लागतो, थोडी उधारी लागते आणि न पटलेला तागा बदलून हवा असतो. ही सेवा आपण चोख दिली, तर गिऱ्हाईक सहजी तुटत नाही.

शेअरबद्दल दोन शब्द. जिओची भागविक्री २०२६ च्या पहिल्या सहामाहीत आणण्याचे लक्ष्य २०२५ च्या सभेत सांगितले गेले होते. मोठ्या नावाच्या अशा भागविक्रीभोवती ‘आधीच मिळवून देतो’ म्हणणारे दलाल गोळा होतात. भागविक्रीचा अर्ज बँकेमार्फत किंवा यूपीआयने होतो आणि भाग मिळेपर्यंत रक्कम आपल्याच खात्यात अडवून ठेवलेली असते. कोणाच्या हातात आगाऊ रोकड देण्याची गरज पडत नाही. भाग घेणे शरीयतच्या दृष्टीने कसे, हे आपल्या जाणकार उलमांना विचारूनच ठरवावे.

घोषणा आणि आगमन यांतले अंतर दिग्रसकरांना कोणी शिकवायला नको. वर्धा-यवतमाळ-पुसद-नांदेड रेल्वेची मंजुरी २००८-०९ सालची. तिचा पहिला टप्पा, वर्धा ते कळंब, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. मंजुरीच्या बातमीवर ज्यांनी स्टेशनाच्या अंदाजाने जागा घेतल्या असतील, त्यांचे पैसे किती वर्षे अडकले याचा विचार करावा.

म्हणून व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे की, सभा जरूर पाहावी. पाहताना वही जवळ ठेवून तिच्यात चार रकाने आखावेत. माल, भाव, मुदत आणि कोणाच्या हाती. चारही रकाने भरले तर त्या वस्तूची तयारी करावी. दोनच भरले तर तो नमुना समजून फाईलला लावावा. आणि माल दुकानात उतरेपर्यंत कोणा गरिबाची आगाऊ रक्कम आपल्या गल्ल्यात घेऊ नये. अल्लाह आपल्या तिजारतीत बरकत देवो.