आधीं दांडा, मग किल्ली

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत 1947 सालीं परदेशांतून आलेले सुटे भाग जोडून मोटारी होऊं लागल्या. पुढें 1990 नंतरच्या दशकांत कल्याणच्या कारखान्यांत प्यूजो 309 तयार झाली. तेव्हां ठाण्या-डोंबिवलीचे विद्यार्थी जुने भाग जमवून गाडी बांधूं म्हणतात, यांत हसण्याजोगें कांहीं नाहीं. माझी तक्रार निराळी आहे. प्रथम इंजिन गरजवून दाखवावयाचें, आणि त्याची शक्ति चाकांपर्यंत नीट पोंचते कीं नाहीं हें मागाहून पाहावयाचें, ही रीत मला घातक वाटते.

प्यूजो 309 चीं पुढचीं चाकें गाडी ओढीत, म्हणून तींत लांब दांडा नव्हता. पद्मिनीसारख्या गाडींत इंजिन पुढें, परंतु ढकलणारीं चाकें मागें. दोहोंमध्यें प्रोपेलर शाफ्ट, आणि त्यास मिस्त्री ज्यांस ‘क्रॉस’ म्हणतात ते सांधे. असा एकच सांधा 30 अंशांनीं वांकला, तर पुढील दांड्याचा वेग दर फेऱ्यास दोनदां सुमारें शेंकडा 15 वाढतो व दोनदां शेंकडा 13 घटतो. दुसऱ्या सांध्यानें हा दोष फेडावयाचा असतो. पण त्यासाठीं दोन्ही कोन सारखे हवेत, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांचे योक एका पातळींत हवेत. कोन मुळींच नको असेंही नव्हे. अंश-दीड अंश नसला तर सांध्यांतील बारीक रुळ जागच्या जागीं खड्डे पाडतात. मोजमाप मात्र गाडी चाकांवर उभी असतांना घ्यावें. उचललेल्या गाडीचा मागचा कणा लोंबतो, आणि कोन खोटे बोलतात.

गेल्या वर्षीं संमेलनाच्या आदल्या सायंकाळीं मुलांनीं इंजिन सुरू करण्याचा हट्ट धरला, व मीं तो पुरविला. दांड्याचे दोन तुकडे जोडतांना कांहीं खांचा चुकल्या होत्या. तें मीं तपासलें नव्हतें. गाडी थरथरूं लागली. मुलांस तो इंजिनाचा जोर वाटला! सांधा तुटून दांडा फरशीवर आपटला. क्षणापूर्वीं एक मुलगा तेथेंच वांकून पाहत होता.

मुलांचा उत्साह मोडूं नये, असें कोणी म्हणतील. कोनमापक हातीं घेतल्यानें मोडणारा उत्साह मोडलेलाच बरा. कोन वहींत लिहिल्यावांचून, आणि दांड्याभोंवतीं लोखंडी कडें बसविल्यावांचून, किल्ली देऊं नये. यंदाच्या गाडीचा पुढचा कोन 5 अंश भरला, मागचा 3. किल्ली माझ्या खणांत आहे.