दाबाखालचा खडक आणि किल्लारीचा धडा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली आणि दख्खनचे पुरातन पठार अचल आहे ही समजूत ढासळली. गणेशविसर्जन आटोपून झोपी गेलेली हजारो माणसे 6.2 तीव्रतेच्या त्या भूकंपात प्राणांस मुकली. पुढे पुनर्वसनाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु युगानुयुगे भार सोसणारा खडक अखेर का तुटला, हा प्रश्न मागेच पडला.

त्याचे उत्तर शोधताना दाब आणि प्रतिबल यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. विहिरीत बुडालेल्या दगडाला पाणी सर्व बाजूंनी सारखेच दाबते. हा झाला दाब. भूगर्भातील खडकावर मात्र वरचा भार एक आणि हिमालयाकडे सरकणाऱ्या भारतीय भूपट्टाचा आडवा रेटा निराळा. दिशेगणिक बदलणारे हे प्रतिबल होय. सर्व बाजूंनी सारख्या दाबाखाली पदार्थाचे कोणते रूप टिकेल, हे ऊष्मागतिकी नेमके सांगते: दाब वाढला की कमी जागा व्यापणारे रूप अधिक स्थिर. म्हणूनच सुमारे दीडशे किलोमीटर खोलीवर ग्रॅफाइटऐवजी हिरा स्थिर ठरतो. रेटा असमान असला की हे सोपे गणित अपुरे पडते. घन पदार्थाच्या निरनिराळ्या पृष्ठांचा भोवतालच्या द्रवाशी समतोल निरनिराळा असतो, हे विलार्ड गिब्ज यांनी 1876 ते 1878 मधील प्रबंधात दाखविले होते. खडकाचे कण जेथे एकमेकांवर रुततात, तेथे खनिज पाण्यात अधिक विरघळते आणि रेटा कमी असेल तेथे पुन्हा साठते. भेगेतील पाण्याचा दाब वाढला, तर तिच्या दोन्ही कडांची पकडही सैल होते.

हे सारे आज संगणकीय प्रतिमानात मांडता येते. परंतु प्रतिमानाला आकडे लागतात, आणि ते जमिनीतूनच मिळवावे लागतात. किल्लारीजवळ 617 मीटर खोल वेध घेतला, तेव्हा काळ्या बेसॉल्टचा थर केवळ 338 मीटरांचा निघाला. त्याखाली आदिम खडक होता. कोयना परिसरात 2017 मध्ये तीन किलोमीटर खोल वेध घेण्यात आला. 21 मार्च आणि 10 जुलै 2024 रोजी हिंगोली भागातील 4.5 तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. अशा प्रदेशात ही मोजणी अखंड चालली पाहिजे.

किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभराने, 1994 मध्ये, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. परीक्षेतील यशासाठी लातूरचे नाव महाराष्ट्रभर गाजते. येथील विद्यार्थ्याने ऊष्मागतिकीची सूत्रे केवळ गुणांसाठी घोकावीत काय? गावच्या खाणीतील दगडाची घनता, सच्छिद्रता आणि भार सोसण्याची शक्ती मोजणे हे महाविद्यालयांना अशक्य नाही. शासनानेही वेधांतून मिळालेली माहिती सुबोध मराठीत शाळांपर्यंत पोहोचवावी.

प्रतिमान भूकंपाची तिथी सांगणार नाही. तशी भाकिते पसरविणाऱ्यांवर कोणी विश्वासही ठेवू नये. पण कोणती रचना कोणता रेटा सोसणार नाही, एवढे ते निश्चित सांगू शकते. किल्लारीतील दगडमातीच्या जाड भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या माळवदांचा उभा भार सोसला. एका आडव्या धक्क्याने त्या कोसळल्या. भाराइतकेच भाराच्या दिशेलाही महत्त्व असते, हा नियम फळ्यावरून घराच्या पायापर्यंत पोहोचला, तरच किल्लारीचा धडा मराठवाडा शिकला असे म्हणता येईल.