पडद्यावरचे ‘डॅडी’ आणि विस्मृतीतला कामगार

शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांचा २००७ मध्ये खून झाला. त्या प्रकरणी अरुण गवळी याला २०१२ मध्ये जन्मठेप झाली आणि उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती कायम केली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या जामिनावर तो सुटला. मधल्या काळात, तो तुरुंगात असतानाच, ‘दगडी चाळ’ (२०१५) हा मराठी आणि ‘डॅडी’ (२०१७) हा हिंदी चित्रपट आला. तुरुंगातील कैदी पडद्यावर चाळीचा पालनकर्ता झाला.

‘डॅडी’ने गुन्ह्यांवर सरसकट पांघरूण घातले, असे म्हणता येणार नाही. तथापि कॅमेरा ज्याची पाठ सोडत नाही, त्याच्याच दुःखाशी प्रेक्षक समरस होतो. ज्यांची माणसे मारली गेली, त्यांची घरे कथेत डोकावूनही जात नाहीत.

या कथांना सहानुभूतीचे भांडवल पुरविले ते गिरणगावाच्या दैन्याने. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांची चूल विझली, मुले शाळेतून उठली. परंतु त्यांतील बहुसंख्यांनी हाती पिस्तूल घेतले नाही. कोणी भाजी विकली, कोणी गावाकडची कोरडवाहू जमीन पुन्हा कसली. बेकारीने गुंड घडविले म्हणावे, तर तीच बेकारी सोसून सरळ राहिलेली ही लाखो माणसे कोणी घडविली? संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांना १६ जानेवारी १९९७ रोजी भाडोत्री मारेकऱ्यांनीच गोळ्या घातल्या. टोळ्यांचे पिस्तूल कोणाच्या बाजूचे होते, हे सांगायला आणखी पुरावा कशाला हवा?

जालना जिल्ह्यातील तरुणाने गिरणगाव पाहिलेले नाही. त्याला ते भेटते पडद्यावरच. पोलाद कारखान्याच्या भट्टीपुढे राबणारा किंवा अंबड-घनसावंगीतून ऊसतोडीला जाणारा हा तरुण अन्याय रोज अनुभवतो. अन्यायाला उत्तर म्हणून त्याला संघटना दिसत नाही, ‘भाई’ दिसतो. दरबार भरवून न्याय देणारा दादा त्याला हवासा वाटतो, कारण तहसील कचेरीत त्याला दाद मिळत नाही. उलट हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हुतात्मा जनार्दनमामांचे नाव जालन्यात घेतले जाते, ते बहुधा १७ सप्टेंबरच्या भाषणापुरतेच.

यावर बंदीची मागणी हा उपाय नव्हे. सेन्सॉरची कात्री आज गुंडावर चालली, तर उद्या ती मोर्चावर चालेल. शिवाय वेगळा चित्रपट काढता येतो, हे जयंत पवारांच्या ‘अधांतर’वर आधारलेल्या ‘लालबाग परळ’ने २०१० मध्येच दाखविले. त्यातही एक मुलगा टोळीकडे वळतो. परंतु कथा उद्ध्वस्त कुटुंबाची राहते.

कार्यकर्त्यांनी असे चित्रपट तरुणांसमवेत पाहावेत आणि मग एकच प्रश्न विचारावा : या कथेत मेलेल्या माणसाचे घर कुठे आहे? त्याचबरोबर तहसील कचेरीच्या दारात त्या तरुणाच्या शेजारी उभेही राहावे. तेथे संघटना पोहोचली नाही, तर दादा पोहोचणारच.