हाडांचे दुखणे अंगावर काढू नका



माढा तालुक्यात शेतमजुरी, ऊसतोड, हमाली करणाऱ्या घरांना कंबरदुखी नवी नाही. "ओझी उचलली, वय झाले" म्हणून ती अंगावर काढली जाते. बहुतेकदा ते खरेही असते. विश्रांतीने काही आठवड्यांत दुखणे उतरते. परंतु साठीच्या आसपासच्या माणसाची पाठ, बरगड्या महिनाभर दुखत असतील, पडून राहूनही आराम नसेल, अंग पांढरे पडून थकवा येत असेल, वजन घटत असेल, छातीचा कफ-ताप वरचेवर होत असेल, तर सावध व्हावे. हा मल्टिपल मायलोमा असू शकतो.

हा हाडांच्या मगजातील पेशींचा कर्करोग आहे. त्यात हाड पोखरले जाते व त्यातले कॅल्शियम रक्तात उतरते. रक्तात ते साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असावे. वाढले की सारखी तहान, फार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ होते. आणखी वाढले की माणूस गुंगतो, असंबद्ध बोलतो.

अशा वेळी काही घरे देवऋषी गाठतात. बाबासाहेबांनी १९५६ साली दिलेला धम्म कारण शोधायला शिकवतो. हे कारण रक्तात सापडते. सलाईन व औषधांनी कॅल्शियम उतरते, शुद्ध परत येते. उशीर झाला तर जीव जातो. पाय लुळे पडले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या या रोगात मूत्रपिंडे बिघडवतात. कॅल्शियमच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. डॉक्टरांना हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनीन आणि दुखऱ्या हाडाचा एक्स-रे याबद्दल विचारावे. शंका राहिली तर रक्तातील प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी होते.

आपल्या शेजारी बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथेच सुरू झाली. खर्चाला घाबरून घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचार आहेत. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. हा रोग सहसा मुळापासून जात नाही, पण औषधांनी अनेकांना कित्येक वर्षे आटोक्यात ठेवता येतो.

तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले होते. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल, तेव्हा वस्तीतील दुखणाईत म्हाताऱ्या माणसांची एवढी चौकशी जरूर करा.